कातालिनच्या दिवशी काढलेली गाठ

डुक्कर पडल्याला चार मिनिटं

"आता दोन मिनिटं कोणी बोलायचं नाही," अम्ब्रुशकाका म्हणाले, आणि अंगण गप्प झालं. विल्मोश सोडून.

"का? त्याला ऐकू येतंय अजून?"

"त्याला नाही रे. मला." म्हाताऱ्यानं सुरी पेंढ्यावर पुसली. "साठ वर्षं मारतोय. मारल्यावर दोन मिनिटं मला माणसाचा आवाज नको असतो."

विल्मोशनं टोपी काढून छातीशी धरली. ऑस्ट्रियात ग्राझला बस चालवणारा माणूस, पहाटे तिकडून येऊन पोचला तेव्हापासून जिभेला हाड नव्हतं, पण या एका दिवशी घरचा मालक खाटीकच असतो, हे त्यालाही ठाऊक होतं.

आगोता हापशाजवळ बादली घेऊन उभी होती. थंडी अशी की बादलीचा दांडा बोटांना चिकटत होता. झेंगो डोंगराच्या माथ्यावर उजेड आला होता, खाली अंगणात अजून निळं निळं होतं. तिची आई पिरोश्का परातीतलं रक्त लाकडी पळीनं ढवळत होती आणि ढवळता ढवळता चोरून नणंदेकडे बघत होती. कारण हे काम एतेल्का आत्याचं. रोझालिया आजीच्या वेळेपासून रक्त ढवळायचं ते घरच्या थोरल्या लेकीनं. यंदा थोरली लेक ओट्यावर बसली होती, दोन स्वेटर घालून, डावा हात अंगाशी धरून. काखेतले टाके भरून आले होते. हात मात्र अजून उचलवत नव्हता.

"सावकाश ढवळ, पिरोश्का," आत्या म्हणाली. "गोल नको. आठाच्या आकड्यासारखं."

"दोन मिनिटं झाली नाहीत, वन्सं."

"माझी झाली."

अम्ब्रुशकाका हसले, आणि दिवस सुरू झाला.

गाठ काढल्याला आठ आठवडे

आत्याच्या एप्रनच्या खिशात चार घड्या घातलेला कागद होता. त्यावर तिचं नाव, तिचं वय बासष्ट, आणि खाली आकडा: एकाहत्तर. साठच्या वर म्हणजे स्तनातली गाठ पुन्हा उलटायचा धोका जास्त. साठच्या खाली असता तर रोज एक गोळी आणि सहा महिन्यांनी तपासणी, एवढ्यावर भागलं असतं. एकाहत्तर म्हणजे केमो.

सोमवारी सकाळी नऊ वाजता आत्याला इस्पितळात हो किंवा नाही सांगायचं होतं. आज शनिवार.

आणि तो आकडा काढायची रीत बसवली होती आगोतानं.

म्हणजे तिनं एकटीनं नाही. संशोधन संस्थेत सात जण होते, वर प्राध्यापिका होत्या. पण गणित आगोताचं. चार वर्षं. शहरातल्या दोन इस्पितळांतून नमुने यायचे, नाव नाही, फक्त क्रमांक. यंत्र त्यातल्या बासष्ट जनुकांचं मोजमाप करायचं, आणि आगोताचं गणित त्या बासष्टांचा एक आकडा करायचं. आत्याचा नमुना तिच्याच पडद्यावरून गेला असणार. तिला कळलंही नाही. ती कदाचित तेव्हा सफरचंद खात होती.

डुक्कर पडल्याला पन्नास मिनिटं

गॅसच्या ज्वाळेनं केस भाजण्याचं काम देझोकडे, म्हणजे आगोताच्या बाबांकडे. ज्वाळेचा आवाज मोठा, त्यामुळे देझो आणि विल्मोश दोघंही ओरडून बोलत होते आणि त्यांना वाटत होतं आपलं खासगी चाललंय.

"घ्यायचाच नाही म्हणजे? कागदावर लिहिलंय!"

"मामा, कागदावर आकडा आहे. डॉक्टरीणबाई काय म्हणाल्या? गाठ लहान. पसरलेली नाही. कागद आला नसता तर त्यांनीच गोळी देऊन घरी पाठवली असती आईला."

"पण कागद आला ना."

"आला. तुमच्या लेकीनं पाठवला."

देझोनं ज्वाळा डुकराच्या पाठीवरून कानाकडे नेली. जळक्या केसांचा वास भिंतीपर्यंत गेला. "माझी बहीण आहे ती, विल्मोश. तुझ्या आधीपासून."

"मग बहिणीला विचारा ना एकदा तरी. तुम्ही सगळे तिच्याबद्दल बोलताय. मीसुद्धा."

ओट्यावरून आत्या म्हणाली, "मला ऐकू येतंय. डुकरालाही येत असेल."

एक तास वीस मिनिटं

पोट उघडलं, वाफ वर आली. अम्ब्रुशकाकांनी यकृत काढलं, दोन्ही हातांवर घेऊन उजेडाकडे धरलं, आणि म्हणाले, "बघा. डाग नाही. सगळ्यांचं असं असावं." मग आपण कोणासमोर काय बोललो ते लक्षात येऊन त्यांनी ते घाईनं देझोच्या घमेल्यात टाकलं. "गार पाण्यात. लगेच."

"लगेच," देझो म्हणाला.

नेमकी तेव्हाच पिरोश्का दारात आली, हात पुसत. "मला लाज वाटते सांगायला, पण पोगाचा गरम आहेत. आणि आज अठरा तारीख आहे."

अठरा जानेवारी. पिरोश्का नावाच्या बायकांचा नामदिवस. वाढदिवस विसरला तर चालतो. नामदिवस विसरणाऱ्याला वर्षभर ऐकावं लागतं. सगळे हातातलं टाकून आत गेले. छोट्या पावांसारखी खारी पोगाचा, आलुबुखारांची कडक दारू पालिंका, एकेकाचं आलिंगन. अम्ब्रुशकाकांनी पिरोश्काच्या दोन्ही गालांचे मुके घेतले आणि तिसऱ्यांदा गेले तेव्हा तिनं त्यांच्या हातात बशी दिली.

"ए आगोता," ते खुर्चीत टेकत म्हणाले, "मला एकदा नीट सांग. तुझ्या त्या यंत्राची आमच्या एतेल्काशी ओळख ना पाळख. ती किती जगेल ते त्याला कसं कळतं?"

आगोतानं बघितलं. आत्या चहात साखर ढवळत होती, पण ढवळणं थांबलं होतं.

"काका, तुमच्या सॉसेजमध्ये काय काय घालता?"

"ते कोणाला सांगत नाही."

"मीठ, पाप्रिका, लसूण, मिरी, जिरं. खालच्या आळीतले खाटीकही तेच घालतात. पण आंधळ्यानंही चव घेतली तर सांगेल, हे अम्ब्रुशचं."

"सांगेलच."

"कारण जिन्नस तेच, प्रमाण वेगळं. गाठीचंही तसंच. प्रत्येक पेशीत सगळी जनुकं असतात, पण कुठलं किती चालू आहे ते वेगळं. आम्ही नऊशे बायकांच्या जुन्या गाठी घेतल्या. त्यातल्या कोण दहा वर्षं जगल्या, कोण नाही, ते माहीत होतं. मग बघितलं, ज्या गेल्या त्यांच्या गाठींत कुठला जिन्नस चढा होता, कुठला उतरलेला. बासष्ट जिन्नस निघाले."

"आणि माझ्यात ते चढे आहेत," आत्या म्हणाली.

"हो, आत्या."

"गेलेल्यांसारखे."

पिरोश्कानं पोगाचांची परात उगाच इकडची तिकडे केली.

"ताई," देझो म्हणाला, "म्हणून तर घे म्हणतो. केमो घेतलीस तर वाचशील."

"आपल्या आईनं घेतली होती."

"तो काळ वेगळा होता. पंचेचाळीस वर्षं झाली."

"आई गेली त्याचं मी म्हणत नाहीये, देझो. ती जाणारच होती." आत्यानं उजवा हात टेबलावर पालथा ठेवला. लांब बोटं, तर्जनीच्या टोकाला सुईनं घडवलेला घट्टा. "शेवटच्या हिवाळ्यात तिला सुई उचलता येईना. बोटांची टोकं गेली होती. कोकराचं कातडं हातात दिलं तर म्हणायची, हे कातडं आहे की कागद? रोझालिया. जिच्या हातमोज्यांना शिवण कुठे आहे ते बुदापेश्तच्या दुकानदारांना भिंगातून दिसायचं नाही. तू दहाचा होतास, तुला आठवत नाही. मी सतराची. तिची ऑर्डर मी पुरी केली, आणि तिनं जोड हातात घेऊन विचारलं, चांगली झालीय का गं शिवण? मला सांग. मला कळत नाही." तिनं हात उचलून मांडीवर घेतला. "औषध बदललंय म्हणतात. डॉक्टरीणबाईंना मी विचारलं, बोटांचं काय? त्या खऱ्या बाई आहेत. म्हणाल्या, जाऊ शकतात. काहींची परत येतात, काहींची नाही."

"बोटं की जीव?" देझोचा आवाज चिरकला. "हा काय हिशेब झाला?"

"माझा आहे. मोठा नसेल."

विल्मोशनं पालिंकाचा पेला तोंडाला लावला आणि आगोताकडे बघत म्हणाला, "नऊशे बायका, बासष्ट जिन्नस. आणि माझी आई एक. तुझं यंत्र चुकत नाही का गं कधी?"

"चुकतं," आगोता म्हणाली. "शंभरात काही वेळा."

"मग त्यातली एक वेळ..."

दोन तास पाच मिनिटं

"...कोणी ठेवलं हे इथं?"

मघाशीच बाहेर गेलेल्या अम्ब्रुशकाकांचा आवाज अंगणातून आला. सगळे दारात धावले. म्हातारा चुलाणापाशी उभा होता. उकळत्या कढईला लागून असलेल्या बाकावर यकृताचं घमेलं, वर फडकं झाकलेलं, आणि सगळ्यावर कढईची वाफ.

"मी," देझो म्हणाला. "म्हटलं, एक घोट घेऊन येतो. तुम्हीच तर आधी आत गेलात."

"मी खाटीक आहे, मी आत जाऊ शकतो. तुला सांगितलं होतं, लगेच." काकांनी फडकं काढलं, अंगठा दाबला, नाकाशी नेला. "गेलं. बाहेर बर्फ पडायची थंडी आणि हा शहाणा यकृताला शेकत ठेवतो."

"पाऊण तासात काय होतं हो?"

"काय होतं! अरे, डुक्कर मेलं ते डुकराला कळलेलं असतं. यकृताला उशिरा कळतं. बाहेर काढलं तरी आत त्याचं काम चालूच. हवा नाही, रक्त नाही, तरी धडपडत बसतं, स्वतःलाच खातं. गार पाण्यात टाकलं की थांबतं, जसं होतं तसं राहतं. ऊबेत ठेवलं तर तासाभरानं तुझ्या हातात असतं ते त्या डुकराचं यकृत नसतं. ते धडपडलेलं यकृत असतं. चव वेगळी, रंग वेगळा. कुत्र्याला घाल."

देझो घमेलं उचलायला वाकला.

"थांबा," आगोता म्हणाली.

"आता तू काय त्याची तपासणी करणार?" विल्मोश म्हणाला.

ती घमेल्याकडे बघत नव्हती. हातातल्या अर्ध्या पोगाचाकडे बघत होती.

"आत्या, तुझं ऑपरेशन कुठल्या तारखेला झालं?"

"नोव्हेंबरात. तुला माहीत आहे."

"तारीख सांग."

"पंचवीस. लक्षात राहायचं कारण, शुद्धीवर आले तर नर्सच्या हातात केकची बशी. म्हणाली, तुम्हाला आज खाता यायचं नाही, पण वास घ्या. आज आमचा कातालिनचा दिवस. भूल देणारी कातालिन, मोठी नर्स कातालिन, झाडणारीही कातालिन. हंगेरीत निम्म्या बायका कातालिन आणि उरलेल्या आन्ना." आत्या थांबली. "का गं?"

"तुझा नंबर पहिला होता ना? दहाच्या आत संपलं होतं?"

"साडेनऊला संपलं म्हणे."

आणि दहाला, आगोताच्या मनात आलं, ज्याचा नामदिवस तो सगळ्यांना बोलावतो. पंधरा मिनिटं म्हणून. उभ्या उभ्या म्हणून.

कोठीघर. वेळ बघितली नाही

लोणच्यांच्या बरण्यांमध्ये लॅपटॉप ठेवून ती उभ्यानंच काम करत होती. चार वर्षांचे आकडे तिनं नेहमी क्रमांकानं लावले होते, वयानं लावले होते, गाठीच्या आकारानं लावले होते. तारखेनं कधीच नाही. तारखेचा रोगाशी काय संबंध?

तारखेनं लावले.

*२६ जुलै, आन्ना: ७८, ६९.*
*२७ जुलै: ३५, ४१, ६३.*
*१९ नोव्हेंबर, एर्झेबेत: ७३, ६८.*
*२० नोव्हेंबर: ३१, ४४.*
*२५ नोव्हेंबर, कातालिन: ७१, ७०, ७६.*
*२६ नोव्हेंबर: ३८, ५२.*

कॅलेंडरात रिकामा दिवस नसतो. वीस तारखेला योलान असते, सव्वीसला विराग. पण योलानसाठी अख्खं शस्त्रक्रियागृह थांबत नाही.

सगळंच तसं नव्हतं. एका आन्नाच्या दिवशी चौतीसही होता. कोणीतरी एकानं आधी गाठ बाटलीत टाकली असेल, मग केक खाल्ला असेल. साध्या दिवशीही मोठे आकडे होते. खरे मोठे.

मग तिनं नमुन्यांबरोबर आलेले अर्ज उघडले. त्यावर दोन रकाने असतात: गाठ काढल्याची वेळ आणि ती टिकवणाऱ्या द्रवात टाकल्याची वेळ. एका इस्पितळाच्या सगळ्या अर्जांवर, चार वर्षं, दोन्हींत बरोबर दहा मिनिटांचा फरक. नऊ नाही, अकरा नाही. आगोताला तेव्हा कौतुक वाटलं होतं. किती शिस्तीचे लोक. दहा मिनिटं लिहायची सवय आणि दहा मिनिटं यांत फरक असतो हे तिच्या डोक्यातच आलं नव्हतं.

बासष्टांतली नऊ जनुकं अशी होती की पेशीचा जीव कोंडला की ती आधी ओरडतात. ती चढी असतील तर गाठ दांडगी, असं तिचं गणित धरून चाललं होतं. ट्रेमध्ये पडलेली गाठही कोंडते.

तिनं ती नऊ काढून टाकून आत्याचा आकडा पुन्हा काढला.

अठ्ठावन्न.

तिनं तो आकडा एकदा पुटपुटून बघितला. मग तो पुसला. उत्तर हवं ते माहीत असताना जिन्नस काढत गेलं तर कुठलाही आकडा निघतो. हे तिनंच पहिल्या वर्षाच्या मुलांना शिकवलं होतं, आणि तेव्हा ते सोपं होतं.

तीन तास चाळीस

आत सॉसेज भरणं चाललं होतं. आत्या एका हातानं आतडं नळीवर चढवत होती, दुसऱ्या बाजूनं पिरोश्का गाठी मारत होती. आगोतानं सगळं सांगितलं. अठ्ठावन्न सोडून.

मग एकदम सगळेच:

"म्हणजे आकडा खोटा."

"खोटा म्हणत नाही मी. भरवशाचा नाही म्हणते."

"बघा! मी म्हणत होतो की नाही? आगोता, तू हिरा आहेस."

"तासापूर्वी ती तुझ्या आईचं नुकसान करत होती."

"मामा, तासापूर्वी तिला माहीत नव्हतं."

"आणि आता काय माहीत आहे? काही नाही! आधी निदान आकडा तरी होता!"

"देझो, ओरडू नकोस, आतडं फाटतं."

"मी ओरडत नाही! मला एवढंच सांगा, सोमवारी काय सांगायचं?"

"की मामांनी यकृत शेकलं."

"विल्मोश, गप."

"अहो, मी चांगल्या अर्थानं म्हणतोय."

"आगोता," हे आत्या. तिचा आवाज हळू होता, म्हणून बाकीचे थांबले. "आता काय करता येतं?"

"ऑक्टोबरात तपासताना सुईनं तुकडा काढला होता तुझा. आठवतं?"

"आठवतं. डास चावल्यासारखं म्हणाली होती. डास एवढा मोठा असेल तर मी गाव सोडीन."

"तो तुकडा सुईतून थेट बाटलीत जातो. मध्ये कोणी केक खात नाही. त्यातला उरलेला भाग इस्पितळाच्या साठ्यात असणार. तो मोजता येईल. दहा-बारा दिवस लागतील."

"दहा-बारा दिवस!" देझो म्हणाला. "आणि तोवर ते आत..."

"तोवर थांबलेलं चालतं, बाबा. मी डॉक्टरीणबाईंशी बोलते. त्या नाही म्हणाल्या तर मी नाही म्हणणार नाही."

देझो खाली बसला. मिठाच्या डब्यावर बसला आणि त्याला कळलं नाही. पन्नाशी उलटलेला, दोन मेंढ्या खांद्यावर नेणारा माणूस, डोळ्यांत पाणी आणून सॉसेजकडे बघत होता. "मला वाटलं, निदान कोणीतरी आपल्याला नक्की सांगितलं," तो म्हणाला. "नक्की सांगितलं की ऐकायला बरं वाटतं. वाईट असलं तरी."

आत्यानं मांस लागलेला हात त्याच्या टकलावर ठेवला. त्यानं पुसला नाही.

"आणि त्या बाकीच्या?" तिनं विचारलं.

"कुठल्या?"

"आन्नाच्या दिवशीच्या. एर्झेबेतच्या. तू वाचून दाखवलेस ते आकडे. त्या बायकाच ना?"

"बायकाच."

"त्यांना कोण सांगणार?"

आगोतानं हात धुतले. हे तिला कोठीघरातच कळलं होतं; तेव्हापासून ती दुसरं काहीतरी आधी सांगत होती. चार वर्षांचं काम, प्राध्यापिकांचं नाव, वसंतात छापून यायचा लेख. आणि एका ओळीतले सगळे सरळ दहा दहा, ज्यांच्याकडे बघून आपण खूश झालो होतो.

"शनिवारी फोन करणं बरं दिसेल का?" पिरोश्का म्हणाली. "उद्या रविवार. सोमवारी..."

"सोमवारी कोणीतरी दुसरीही नऊ वाजता जाणार असेल, आई."

तिनं तिथंच, सगळ्यांसमोर, फोन लावला. पलीकडे प्राध्यापिका जेवत असाव्यात. काट्याचमच्याचा आवाज येत होता. आगोता बोलत गेली तसा तो थांबला. अर्ध्या मिनिटानं त्यांनी एकच प्रश्न विचारला.

"माझ्या ध्यानात कसं आलं?" आगोतानं भिंतीकडे तोंड केलं. "आमच्याकडे आज डुक्कर मारलंय, मॅडम."

तेरा दिवस

शहरात, आत्याच्या स्वयंपाकघरात, खिडकीजवळच्या टेबलावर कातडी पसरलेली. देझो आणि पिरोश्का सोफ्यावर, आजार विचारायला आलेल्या परक्यांसारखे कडेला टेकून. विल्मोश फोनवर, टेबलावर उभा करून ठेवलेला. त्याच्या मागे बसची काच दिसत होती.

नामदिवशी गाठ काढलेल्या पहिल्या आठ जणींचे सुईचे तुकडे मोजून झाले होते. पाच जणी साठच्या खाली आल्या होत्या. त्या पाचांतल्या दोघींची केमो पुरी झाली होती. एकीला पावलं जमिनीला लागलेली कळत नव्हती. इस्पितळानं तिला बोलावून सांगितलं. आगोता त्या भेटीला गेली होती. जाताना त्या बाईनं दाराशी थांबून, बूट नीट पायात आहेत ना ते वाकून बघितलं.

"आणि मी?" आत्यानं विचारलं.

आगोतानं कागद पुढे केला. तिला वाचता येईना म्हणून नव्हे. तोंडानं म्हणवेना म्हणून.

सहासष्ट.

फोनमधून विल्मोश म्हणाला, "किती? मला दिसत नाही. किती?"

"साठच्या वर आहे, बाळा," आत्या म्हणाली. कागद तिनं उजेडात धरला, मग टेबलावर ठेवून वरून कात्री ठेवली. "या वेळी गार होतं ना गं?"

"हो. सुईतून थेट बाटलीत. मी स्वतः नोंद बघितली. चार मिनिटं. आणि त्या चारावर माझा विश्वास आहे, कारण इतरांवर तीन आहेत, सात आहेत."

"म्हणजे हे माझं आहे. केकचं नाही."

"तुझं आहे."

"मग ठीक." तिनं कागदावरची कात्री सरळ केली. "आधीच्या आकड्याला नाही म्हणणार होते मी, देझो. सोमवारी. तुम्हाला सांगितलं नव्हतं. नाही म्हणून घरी येऊन हातमोज्यांचे आठ जोड शिवायला घेणार होते."

देझोनं मान खाली घातली.

"आता हो म्हणते. तुझा गुण, आगोता. तू येऊन सांगितलंस की चुकलं होतं. म्हणून आता बरोबर आहे म्हणतेस ते पटतं. डॉक्टरीणबाईंनी बोटांसाठी काहीतरी सांगितलं. औषध चढवताना हातात गोठवलेले हातमोजे घालून बसायचं. थंडीनं रक्त बोटांच्या टोकाला कमी जातं, तर औषधही कमी जातं. काहींना उपयोग होतो म्हणाल्या, सगळ्यांना नाही."

"यकृत," फोनमधून विल्मोश म्हणाला. "गार पाण्यात."

"तुझ्या मामासमोर तो शब्द काढू नकोस." पण देझो हसला, रडत होता तरी. आत्यानं खालच्या खणातून एक निळा, जाडजूड, फुगीर मोजा काढला. "हा त्यांनी दाखवायला दिला. काल घालून बघितला. कोणीतरी बोटं बघितलीच नाहीत, अस्वलाचा पंजा बघून शिवलाय. माझ्या बोटाच्या टोकापुढे इतकी जागा रिकामी. थंडी पोचायची कुठून तिथपर्यंत?"

तिनं तो मोजा उलटा केला, शिवण बोटानं चाचपली, नाक मुरडलं. मग टेबलावरच्या कातड्याकडे हात नेला. कोकराचं, कांद्याच्या पापुद्र्याइतकं पातळ, आत ओलावा न शिरणारं. त्यावर खडूनं पाच बोटं आधीच काढलेली होती.

"आत घालायचं. बोटाला घट्ट बसेल आणि बाहेरचा गारठा टोकापर्यंत ओढेल. माझा जोड उद्या होईल. डावा हात उचलत नाही, पण शिवायला उचलावा लागत नाही." तिनं दाभणानं कातड्यावर खूण केली. "त्या खोलीत एका वेळी किती जणी बसतात गं?"

"सहा खुर्च्या आहेत."

"म्हणजे आणखी पाच. तू जातेस ना तिकडे? विचारून ये."

"आत्या, मला त्यांची नावं कळत नाहीत. माझ्याकडे क्रमांक येतात. आणि कळली तरी सांगता येत नाहीत."

आत्यानं कपाटातून कापडी मापपट्टी काढली. रोझालिया आजीची. पहिले तीन आकडे बोटांनी घासून पुसलेले. ती गुंडाळून तिनं आगोताच्या तळहातावर ठेवली.

"नावं कोण मागतंय? मापं घेऊन ये."